महिन्याला ६ लिटर तेल... आमच्या घरात नक्की जातं कुठे?

गवतीचहा | ३ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतीये, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

तर झालं असं की नवऱ्याच्या ऑफिसात दरवर्षी चेकअप असतं, त्यात यंदा एलडीएल (ते वाईट कोलेस्टेरॉल) १६२ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१० आलं. वय ४३. डॉक्टर म्हणाले तीन महिने खाण्याकडे बघा, रोज चाला, मग परत तपासू आणि गोळीचं ठरवू. घरी आल्यावर ह्यांचं एकच पालुपद, "मी बाहेरचं खातच नाही, डबा घरचा, जेवण घरचं, मग हे आलं कुठून?" आणि हे म्हणताना माझ्याकडे असं बघितलं की मी जणू डालड्याचे डबे रिकामे करतीये.

मग मी पण चिडून किराण्याची तीन महिन्यांची बिलं काढली. आम्ही चौघं (आम्ही दोघं, साबा म्हणजे सासूबाई, मुलगा वय १४), राहायला नाशिकला. महिन्याला शेंगदाणा तेल ५ लिटर, तळणासाठी सूर्यफूल १ लिटर, बटर अर्धा किलो, आणि साबांचं घरी कढवलेलं तूप साधारण किलोभर. गुणाकार भागाकार केला तर नुसतं तेलच माणशी रोज ४५ ग्रॅम होतंय!! तूप बटर धरून ५८. आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) हैदराबादच्या पोषण संस्थेने २०२४ मधे जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात २००० कॅलरीच्या आहाराला वरून घातलेलं तेल-तूप सगळं मिळून २७ ग्रॅम दिलंय. म्हणजे आम्ही दुप्पट. आणि बाहेरचं खातच नाही.

आता प्रश्न: (१) नक्की काय कमी करू? (२) शेंगदाणा तेल सोडून दुसरं घ्यावं का? (३) साबांना न दुखावता हे कसं करायचं, कारण स्वयंपाकघर अजून त्यांच्याच ताब्यात आहे. तिसऱ्याचं उत्तर आधी दिलंत तरी चालेल 😅

---

बंड्याभाऊ | ३ जून, रात्री ११:०५

रुमाल टाकून ठेवतोय. आमच्याकडे पण सेम रिपोर्ट, फक्त आकडे अजून भारी.

---

वऱ्हाडी_ठेचा | ३ जून, रात्री ११:३२

६ लिटर म्हणजे काहीच नाही हो ताई, आमच्या नागपुरात तर्रीवर बोटभर तवंग नसला तर पाहुणा विचारते की भाजीत काही कमी पडलं का. माझी आजी पूर्वी जवसाच्या तेलात भाजी करायची, त्याचा तो उग्र वास आम्हाला पोरांना नको वाटायचा, आता तेच जवस लोक ओमेगा थ्री म्हणून पुड्या बांधून महागात घेतात. फक्त ते तेल लवकर खवट होते आणि फार तापवायचं नाही, म्हणून आम्ही आता जवसाची चटणीच करतो. भाकरीबरोबर. भाकरीला तेल लागत नाही हा मोठा फायदा आहे, लिहून घ्या.

---

तुपाचीधार | ४ जून, सकाळी ७:१५

पुन्हा तेच. आमचे आजोबा रोज वाटीभर तूप खाऊन ८८ वर्षं जगले. तुपाला बदनाम करून रिफाइंड विकायचा धंदा आहे हा सगळा. घाण्याचं तेल आणि घरचं तूप खा, कितीही खा, काही होत नाही.

---

मोजपट्टी | ४ जून, सकाळी ८:०२

@तुपाचीधार, आजोबा रोज किती चालायचे तेही सांगा ना. आणि त्यांच्या वेळी आठवड्यातनं तीनदा पावभाजी आणि रोज चार वेळा दुधाचा चहा होता का?

घाण्याच्या तेलाचा मुद्दा: घाण्याचं असो की रिफाइंड, १ ग्रॅम तेलात ९ कॅलरी त्या ९च. घाण्याच्या तेलाला वास असतो, चव असते, थोडे इतर घटक टिकतात, ते चांगलंच आहे, पण त्यातलं संतृप्त फॅट (कोलेस्टेरॉल वाढवणारं) घाण्याने कमी होत नाही. "लाकडी घाण्याचं आहे म्हणून दोन पळ्या जास्त" हे माझ्या स्वतःच्या घरात झालेलं आहे.

गवतीचहा, तेल बदलायची घाई करू नका. शेंगदाणा तेलात संतृप्त फॅट साधारण पाचवा हिस्सा असतं, ते काही वाईट तेल नाही. करडईत त्याहून बरंच कमी. पामतेलात जवळपास निम्मं, तुपात १०० ला ६० ते ६५ आणि खोबरेल तेलात ९० च्या आसपास. तेव्हा तुमचा शत्रू शेंगदाणा नव्हे. किती घालता तो प्रश्न आहे.

---

कोकणकडा | ४ जून, सकाळी ९:४०

खोबऱ्याला काही बोलायचं नाही 😡 सोलकढीशिवाय आमचा मासा गळ्याखाली उतरत नाही.

---

मोजपट्टी | ४ जून, सकाळी ९:५५

सोलकढी प्या हो, पण रोज नारळाचं वाटण आणि वर खोबरेल तेलाची फोडणी आणि मग तळलेली तुकडी असं तिन्ही एका ताटात नको एवढंच म्हणणं.

---

डबाबंद | ४ जून, दुपारी १२:२०

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे थोडं लांबण लागेल, माफी असावी.

रक्तातलं एलडीएल वाढवायला दोन फॅट्स मुख्य जबाबदार, संतृप्त आणि ट्रान्स. ट्रान्स जास्त वाईट कारण ते एलडीएल वाढवतंच वर चांगलं एचडीएल कमी करतं. हे मुख्यतः वनस्पती तूप (डालडा) बनवताना, म्हणजे तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करताना तयार होतं. आपल्याकडे एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली, आधी ५ होती. म्हणजे परिस्थिती सुधारलीये. पण एक गंमत बघा, ट्रान्स काढून टाकलं तरी बिस्किट खुसखुशीत व्हायला घट्ट फॅट लागतंच, मग तिथे पामतेल आलं. पाकिटावर ठळक अक्षरात "० ग्रॅम ट्रान्स फॅट" आणि मागे बारीक अक्षरात संतृप्त फॅट १० ग्रॅम. कायम मागची बाजू वाचा. तेलाच्या पिशवीवर "कोलेस्टेरॉल फ्री" लिहिलेलं तर सोडूनच द्या, वनस्पतीत कोलेस्टेरॉल नसतंच, सगळीच तेलं फ्री आहेत.

ट्रायग्लिसराइड २१० हा मात्र नुसता तेलाचा मामला नाही. साखर, मैदा, भाताचा डोंगर, दारू असेल तर दारू, पोटाचा घेर. तेल कमी केलं आणि त्याजागी टोस्ट-बिस्किटं वाढली तर हा आकडा हलणार नाही, उलट वाढेल.

आता मला सांगा, दूध कोणतं आणि किती घेता?

---

गवतीचहा | ४ जून, दुपारी १:१०

दूध? फुल क्रीम, रोज २ लिटर. साय चांगली येते म्हणून. पण त्याचा काय संबंध, दूध तर चांगलं ना?

---

डबाबंद | ४ जून, दुपारी १:४८

वाटलंच. फुल क्रीममधे ६ टक्के फॅट. २ लिटर म्हणजे रोज १२० ग्रॅम. त्यातली काही साय काढून तूप होतं, बाकीचं चहा, दही, लेकाच्या ग्लासात जातं, पण जातं सगळं तुम्हा चौघांच्याच पोटात, माणशी ३० ग्रॅम. दुधातल्या फॅटमधलं साधारण दोन तृतीयांश संतृप्त, म्हणजे माणशी २० ग्रॅम. आणि दिवसाची संतृप्त फॅटची मर्यादा २००० कॅलरी धरल्या तर २२ ग्रॅमच्या आसपास. तेलाचा थेंब पडायच्या आधीच कोटा संपला!

अजून एक, तुम्ही तूप वेगळं धरलंय, पण ते ह्याच दुधातनं येतं ना? दोनदा मोजू नका.

---

गवतीचहा | ४ जून, दुपारी २:०५

अग्गोबाई. मी किराण्याच्या बिलात शोधत बसले आणि दूधवाल्याची वही उघडलीच नाही.

---

बंड्याभाऊ | ४ जून, दुपारी २:११

😳 आमच्याकडे म्हशीचं सुट्टं दूध येतं अडीच लिटर. मी आता कुणाला काही सांगत नाही, गप बसतो.

---

तुपाचीधार | ४ जून, दुपारी ३:३०

आता दूध पण वाईट. उद्या म्हणाल श्वास घेऊ नका.

---

डबाबंद | ४ जून, दुपारी ४:००

दूध वाईट नाही हो. टोन्डमधे ३ टक्के, डबल टोन्डमधे दीड टक्का, गाईच्या दुधात साडेतीनच्या आसपास. प्रथिनं आणि कॅल्शियम तेवढंच मिळतं, फॅट निम्मं होतं. आणि वरणभातावर चमचाभर तूप खा की, कोण नाही म्हणतंय, चमचाभर म्हणजे चहाचा चमचा, वाढायची पळी नव्हे.

---

सांजवात | ४ जून, रात्री ९:१५

डालड्याचा विषय निघाला म्हणून जुनी आठवण. माझं वय ७१. डालडा बाजारात आला १९३७ ला, माझ्या जन्माच्या बऱ्याच आधी, पण आमच्या लहानपणी तो पिवळा डबा आणि त्यावरचं हिरवं माडाचं झाड घरोघरी. रिकाम्या डब्यात तुळस लावायचे. लग्नाच्या पंगतीत जिलबी डालड्यातलीच, आणि तो टाळूला चिकटणारा थर गरम पाणी प्यायल्याशिवाय जायचा नाही. तुपात डालड्याची भेसळ करायचे म्हणून सरकारने वनस्पती तुपात ५ टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती केली होती, म्हणजे प्रयोगशाळेत भेसळ लगेच पकडता यावी. आमचे काका अन्नभेसळ खात्यात होते, ते तुपाच्या नमुन्यात आम्ल आणि साखर घालून गुलाबी रंग येतो का ते बघायचे. आम्हा मुलांना जादू वाटायची.

हे सगळं अवांतर झालं. साबांबद्दल सांगते: सुनेने सांगितलं तर ऐकणार नाहीत, लेकाने सांगितलं तर "बायकोने शिकवलं" म्हणतील. नातवाला पुढे करा.

---

मोजपट्टी | ४ जून, रात्री ९:३०

सांजवातताई, सिक्सर 👏

---

न्यूजर्सीची_सई | ५ जून, सकाळी ६:५०

इकडे अमेरिकेत २०१८ पासून अर्धवट हायड्रोजनेटेड तेलं अन्नात घालायला बंदी आहे, पण आपले इंडियन स्टोअरचे फ्रोजन पराठे घ्या आणि मागे वाचा, पामतेल. मी आठवड्याला दोन पाकिटं आणायचे, "घरची पोळी नाही तर निदान पराठा" म्हणून. आता रविवारी फुलके करून फ्रीझ करते, तव्यावर टाकले की झालं. आणि इथे एका सर्व्हिंगला अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स असेल तर शून्य लिहायला परवानगी आहे, मग सर्व्हिंग केवढी धरतात बघा, दीड बिस्किट! दीड बिस्किट कोण खातं?

---

गवतीचहा | ८ जून, रात्री १०:२०

अपडेट. सांजवातताई तुमच्या पाया पडते.

लेकाच्या शाळेत (सीबीएसई आहे) कशात किती तेल असतं ते सांगणारा बोर्ड लावलाय, त्याला मी म्हटलं तू घरी तसाच प्रोजेक्ट कर. त्याने काल आजीची तेलाच्या डब्यातली पळी घेतली आणि खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने (५ मिलीची खूण असते ना) मोजली. चार टोपणं मावली. म्हणजे एक पळी २० मिली. मग दिवसभर वहीत रेघा. सकाळच्या भाजीला २ पळ्या, संध्याकाळी २, आमटीला एकेक, पोळ्यांच्या घड्या आणि वरून लावायला दीड, आणि दुपारी लेकालाच भूक लागली म्हणून आजीने पापड-कुरडया तळल्या त्याचं वेगळं. सगळं मिळून २०० मिली!! म्हणजे ६ लिटरचा हिशोब बरोब्बर जुळला.

साबा वही बघून जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "ही पळी माझ्या सासूबाईंची, तेव्हा घरात अकरा माणसं होती." बस एवढंच. मला एकदम पोटात कसंतरी झालं. अकरा माणसांची पळी चौघांना वापरतोय आम्ही, आणि ती बदलायची कुणाला सुचलंच नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा | ८ जून, रात्री १०:४५

कथा लिहा ताई ह्याच्यावर.

---

सुगरणबाय | ९ जून, सकाळी ११:००

कमी तेलात करायचं म्हणजे उकडून खायचं असं लोकांना वाटतं म्हणून लिहिते. मी खान्देशातली, आमचं भरीत आणि शेवभाजी म्हणजे तेलाचा अभिषेक, तरी कमी करता आलं.

भाजीत तेल आपण घालतो ते अर्धं चवीसाठी आणि अर्धं लागू नये म्हणून. लागू नये हे काम पाणी करतं: जाड बुडाची कढई, झाकण, आणि झाकणात पाणी. आत वाफ धरते, भाजी चिकटत नाही, लागलंच तर तेच गरम पाणी आत ओतायचं. दोन चमचे तेलात पावशेर गवार आरामात होते. फोडणी मात्र नीट तापू द्या, मोहरी तडतडली पाहिजे, कोमट तेलात टाकलेली फोडणी म्हणजे तेल पण गेलं आणि चव पण गेली. रश्श्याचा मसाला "तेल सुटेपर्यंत" परतायचा असतो ना, तेल दिलंच कमी तर सुटणार कुठून, मग आपण अजून ओततो. त्यापेक्षा कांदा-खोबरं गॅसवर किंवा तव्यावर कोरडं भाजा, वाटा, मग चमचाभर तेलात परता, खाली लागायला लागलं की पाण्याचा हबका. वास आला की झालं. भरीताला वांगं भाजल्यावर फोडणी वरून, वेगळी, लहान कढल्यात.

आणि तळायचं असेल तेव्हा तळाच, पण तेल कडकडीत तापलेलं हवं. गार तेलात भजी सोडली की पितात नुसती.

---

बंड्याभाऊ | ९ जून, सकाळी ११:४०

तळून उरलेल्या तेलाचं काय? आमच्याकडे ते परत परत वापरतात, मग शेवटी फोडणीला.

---

डबाबंद | ९ जून, दुपारी १२:३०

एकदा गाळून एक-दोन दिवसात भाजी-आमटीत संपवलं तर ठीक, पण परत परत तळू नका. काळं पडलं, फेस यायला लागला, चिकट झालं की टाका. हॉटेलवाल्यांसाठी जुलै २०१८ पासून नियम आहे की तळणाच्या तेलात ध्रुवीय संयुगं (तेल परत परत तापून तयार होणारी) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल बाद. कोपऱ्यावरच्या गाडीवर कोण मोजतंय म्हणा. मी एक साधी गोष्ट बघते, कढईतल्या तेलातून तळ दिसतो का. नसेल दिसत तर वडापावऐवजी मक्याचं कणीस.

---

तुपाचीधार | ९ जून, रात्री ८:१०

कबूल करतो, मी पण आज दूध मोजलं. काही बोलत नाही.

---

मोजपट्टी | ९ जून, रात्री ८:१२

🙏 ह्या धाग्याचं सार्थक झालं.

---

कोकणकडा | १० जून, सकाळी १०:०५

पण मग चहाबरोबर खायचं काय? खारी बंद, टोस्ट बंद, फरसाण बंद. सुट्ट्या खारीवर तर मागे वाचायला पाकीट पण नसतं.

---

सुगरणबाय | १० जून, सकाळी १०:३०

मूठभर भाजके शेंगदाणे, फुटाणे, ज्वारीच्या लाह्या, भाजक्या पोह्यांचा चिवडा. शेंगदाण्यात तेल असतंच, पण मूठभरच, डबा मांडीवर घेऊन मालिका बघायची नाही. खारीचे ते पापुद्रे सुटतात ना, ते प्रत्येक थरात फॅट लावून लाटल्यामुळेच सुटतात. बेकरीत काम केलेल्या माणसाकडून एकदा सगळं ऐकलं तेव्हापासून माझी इच्छाच गेली.

---

न्यूजर्सीची_सई | १० जून, संध्याकाळी ६:२०

आइस्क्रीमबद्दल पण बघा, भारतात डब्यावर "फ्रोजन डेझर्ट" लिहिलं असेल तर ते दुधाच्या फॅटचं नाही, वनस्पती तेलाचं. दिसायला अगदी सारखं.

---

गवतीचहा | १४ सप्टेंबर, रात्री ९:५०

धागा वर काढतीये. तीन महिने झाले, काल रिपोर्ट आला.

एलडीएल १३१, ट्रायग्लिसराइड १६८. डॉक्टर म्हणाले आत्ता गोळी नको, असंच चालू ठेवा, डिसेंबरमधे परत बघू. (ज्यांना गोळी चालू आहे त्यांनी माझं वाचून बंद करू नका, प्लीज.) हे रोज ४० मिनिटं चालतात सुद्धा, त्यामुळे सगळं श्रेय पळीला देत नाही. संध्याकाळची खारी बंद झाली, ते पण आहेच.

तेल आता ६ वरून साडेतीन लिटरवर आलंय. दूध एक लिटर टोन्ड, आणि अर्धा लिटर फुल क्रीम फक्त साबांच्या सायीसाठी, त्याच्यावरनं बरीच वाटाघाट झाली. तूप कमी होतंय पण होतंय. बटर आणणंच बंद, पावभाजीला लोणी. लोणी म्हणजे काही औषध नाही माहितीये, पण घरात असतंच थोडं, संपलं की संपलं.

सगळ्यात अवघड काय गेलं सांगू? भरली वांगी. दोनदा फसली, कोरडी ठाक, लेक म्हणाला आई हे प्रोजेक्टमधे नको घालूस. मग साबांनीच तोडगा काढला, मसाल्यात शेंगदाण्याचा कूट जरा जास्त, चिंचेचा कोळ पातळ, आणि वांगी आधी कुकरच्या भांड्यात वाफवून घेतली. एक चमचा तेल. तवंग नव्हता पण कुणी विचारलं नाही.

ती जुनी पळी साबांनी टाकली नाहीये, घासून देवघराच्या कपाटात ठेवलीये.

---

सांजवात | १४ सप्टेंबर, रात्री १०:१५

वाचून फार बरं वाटलं गं. साबांना माझा नमस्कार सांग.

---

वऱ्हाडी_ठेचा | १४ सप्टेंबर, रात्री १०:३०

अभिनंदन ताई! पण दिवाळी येऊन राहिली. चकलीच्या मोहनाचं काय करणार?

---

गवतीचहा | १४ सप्टेंबर, रात्री १०:३४

त्यावर साबांशी बोलणी सुरू आहेत. सध्या चार किलो भाजणीचे दोन किलोवर आलोय. मोहनाला त्यांनी हात लावू दिलेला नाही.

---

सुगरणबाय | १४ सप्टेंबर, रात्री १०:४१

मोहनाला हात लावूच नका, चकल्या दगड होतील. दोन किलोच करा आणि शेजारी वाटा.

---

बंड्याभाऊ | १४ सप्टेंबर, रात्री १०:४३

शेजारी मी राहायला येऊ का?